लक्षणे

भोपाळहून कागद आला तेव्हा सकाळचे साडेदहा.
साहेबांनी नाईक तलावाच्या काठावर कंपास टेकवला
आणि नकाशावर एक गोल फिरवला.
गोलात एक शाळा, दोन पिठाच्या गिरण्या,
बंद पडलेले माग,
आणि पंख असलेलं जे जे घरचं, ते सगळं.
माझ्या हातात रजिस्टर.
रकाने चार: मालक, प्रजाती, नग, लक्षणे.

कोंबड्यांनी वेळ घेतला नाही.
रात्री दाण्यावर आल्या होत्या,
पहाटे तुरे वांग्यासारखे जांभळे,
आणि पायांच्या नळ्यांवर
कुणी लाल शाईचा टाक झटकावा तसे ठिपके.
"काल तं बापा चांगल्या खाऊन रायल्या होत्या,"
फुलकन उईके म्हणाली.
मग पुन्हा तेच म्हणाली,
जणू ते मी लिहून घ्यायला हवं होतं.

फिलिप मास्तरांच्या दोन टर्की त्याच्याही आधी गेल्या.
नाताळातून वाचलेल्या.

हेडाऊंच्या बटेरींनी आवाजही केला नाही.
खोक्याचं झाकण उचललं
तर आत चाळीस मिटलेल्या मुठी.

टिमकीच्या गच्चीवर इश्तियाकची कबुतरं मात्र ठणठणीत,
छाती काढून फिरत होती.
कबुतरांना हा सहसा शिवत नाही, मी म्हटलं,
तरी दहा दिवस उडवायची नाहीत.
त्याने शिट्टी खिशात टाकली
आणि आम्ही जिना उतरेपर्यंत
खिशातून हात काढला नाही.

शेवटी दुर्पता नान्हेची बदकं.
सोळा.
चिखलात चोची, अंगावर चकाकी,
आम्हाला बघून रांग मोडायलाही तयार नाहीत.
लक्षणे: नाहीत.
पण गेल्या आठवड्यात त्यांच्या शेपटीखालून घेतलेल्या
कापसाच्या काड्या
भोपाळला सगळं बोलून बसल्या होत्या.
बदकात तो भाडेकरूसारखा राहतो,
भिंतीला खिळासुद्धा ठोकत नाही,
आग लागते ती शेजारच्या घराला.
हे मी दुर्पताला समजावलं. दोनदा.
"मेलेले नेता, समजते," ती म्हणाली,
"जित्याले काहून नेता?"
बदकाचा भाव कोंबडीपेक्षा जास्त मिळतो, मी म्हटलं.
म्हणायला नको होतं.

मग तिनेच दाखवलं. लपवता आलं असतं.
न्हाणीच्या कोपऱ्यात, डालग्याखाली,
एक गावरान कोंबडी, खुडूक.
तिच्याखाली नऊ अंडी, बदकांची.
"बदकं बसत नाही ना धड," दुर्पता म्हणाली,
"हिच्याच भरवशावर."
मान वाकडी झालेली, तुरा काळा,
एक डोळा पाण्याने भरून बंद.
मी हात घातला.
चोच मारायची ताकद नव्हती,
तिने पंख तेवढे आणखी पसरले.
अंडी नेहमीपेक्षा गरम लागली,
दोन हातमोज्यांतूनही.
तापाने फणफणली होती ती,
आणि तो ताप
उबेच्या कामी लावत होती.

खड्डा आधीच खणलेला. चुन्याची पोती.
साहेब म्हणाले, लवकर लिहा, अंधार होतोय.
नग: नऊ.
प्रजाती?
बदक लिहावं तर ती कोंबडीची होती.
कोंबडी लिहावं तर आत कोण होतं ते मला माहीत होतं.
लक्षणे?
एका अंड्यात काहीतरी टकटकलं,
किंवा माझ्या हाताची नाडी असेल.

आता दहा दिवस रोज संध्याकाळी फोन येतो.
ताप? नाही.
खोकला? नाही.
घसा?
नाही, मी सांगतो, लक्षणे नाहीत.
पलीकडची मुलगी टिपून घेते, बरं म्हणते, ठेवते.
मी थोडा वेळ फोन हातात धरून बसतो,
सोळा बदकांसारखा चकचकीत.

रजिस्टर कपाटात आहे.
नऊच्या पुढचा रकाना कोरा सोडलाय.
ऑडिटवाले विचारतील.
विचारू दे.